थांबलेली मोटर

आमच्या धंद्यात मोटरीच्या दोनच अवस्था असतात. एक तर ती फिरते, नाहीतर ती मेलेली असते. चाळीस वर्षं मी जळलेल्या मोटरींची काळी पडलेली तार उपसली, नवी भरली, वार्निश केलं आणि गिऱ्हाइकासमोर फिरवून दाखवली. पंप, पंखे, गिरण्या, एकदा तर सर्कशीतल्या पाळण्याची मोटरसुद्धा. त्यामुळे मोटरीबद्दल मला कुणी चार शब्द सांगायला लागलं की माझं टाळकं सटकतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते या टाळक्यापायीच झालं.

गेल्या सोमवारी एका लॉन्ड्रीतली मोटर आली. बारीक तार, एका कॉइलला तीनशे ऐंशी वेढे. पहिलीच कॉइल गुंडाळताना माझा उजवा हात थरथरायला लागला आणि तार एकावर एक चढली. उलगडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा चढली. तिसऱ्यांदा तार तुटली तेव्हा मी फॉर्मा भिंतीवर फेकून मारला. फॉर्मा म्हणजे ज्यावर कॉइल गुंडाळतात तो लाकडी ठोकळा. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आमचं दुकान खाली आणि घर वर. बायको नेमकी चहा घेऊन जिना उतरत होती. तिने फॉर्मा उचलला, टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या चादरीकडे बोट केलं.

"अहो, तिचं यंत्र काढा की."

"जळलंय ते."

"मग दुरुस्त करा. तुमचं काय किराणा मालाचं दुकान आहे?"

त्या चादरीखाली आमच्या मुलीचं यंत्र होतं. तिला घरात आम्ही खटपट म्हणतो. चार वर्षांची असताना तिने माझा रेडिओ उघडला आणि पुन्हा जोडला, वर दोन स्क्रू उरले तरी रेडिओ वाजत होता. तेव्हापासून ते नाव चिकटलं. शिकून घरी आली तेव्हा माझा हात नुकता थरथरायला लागला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने पाहिलं असणार. तीन महिने ती भंगारातून जुन्या प्रिंटरच्या दांड्या, शिलाई मशीनचं स्टँड, सायकलची चेन असलं काहीबाही गोळा करत होती, आणि एके दिवशी तिने माझ्यासमोर कॉइल गुंडाळायचं यंत्र ठेवलं.

त्याला दोन छोट्या मोटरी होत्या. एक फॉर्मा फिरवायची, दुसरी तारेला केसाएवढं सरकवत न्यायची. या मोटरी आपल्या नेहमीच्या मोटरींसारख्या गरगर फिरत नाहीत. एक पाऊल टाकतात, थांबतात, दुसरं टाकतात. त्यांना पावलं टाकायला लावणारी टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. यंत्रावर वेढ्यांचा आकडा घालायचा आणि बटण दाबायचं. तार वेढ्याला वेढा चिकटून अशी बसत जायची की माझ्या उमेदीच्या काळातही माझ्या हातून इतकी सुबक बसली नसेल. हे मी आत्ता सांगतोय. तेव्हा मी म्हणालो, "बघू किती दिवस टिकतंय."

यंत्र चार महिने टिकलं. मग एका दुपारी एक ड्रायव्हर जळला. तिने बदलला. दोन महिन्यांनी पुन्हा तोच जळला. ती रात्रंदिवस मीटर घेऊन बसायची, वहीत आकडे लिहायची. मी मात्र पहिल्या दिवशीच निदान करून मोकळा झालो होतो: वेग वाढवायच्या हावेपायी पोरगी करंट जास्त सोडते. ती म्हणाली, "नाही हो बाबा, मी मोजलंय." मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

तिसऱ्यांदा ड्रायव्हर जळला तेव्हा बर्फाच्या कारखान्याचा मालक दुकानात उभा होता. त्याची मोटर उघडून पडली होती, कारखाना बंद होता, आणि कॉइल अर्ध्यात अडकली होती. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पोरीकडे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "शिकली भरपूर हो, पण हिच्या हाताला यश नाही. हात लावला की जळतं."

तो माणूस हसला. पोरीने यंत्राचा प्लग काढला, वरून चादर आणली, यंत्रावर घातली, कडा चारी बाजूंनी नीट खोचल्या. महिन्याभरात ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. लिफ्टच्या एका कंपनीत तक्रारीच्या फोनवर बसते. लिफ्ट अडकली की आतली माणसं तिला फोन करतात.

सोमवारी चहाचा कप माझ्या हातात देऊन बायको तिथेच उभी राहिली. तिला आणखी काही बोलायचं असलं की ती अशी उभी राहते.

"काल तिचा फोन होता. तिच्या साहेबांनी विचारलंय, लिफ्टची पॅनल जोडायच्या विभागात येतेस का म्हणून. गुरुवारपर्यंत सांगायचंय."

"चांगलंय की. फोनवर बसण्यापेक्षा बरं."

"ती नाही म्हणणार आहे."

"का?"

"म्हणाली, आई, माझ्या हाताला यश नाही. मी हात लावला की जळतं." बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे शब्द तिचे नाहीत."

ती जिना चढून गेली. मी चहा संपवला. तो गार झाला होता, तरी संपवला.

आता खरं सांगायचं तर त्या दिवशीही मला माझी काही चूक वाटत नव्हती. बोललो ते जास्त बोललो, एवढंच. निदान बरोबर होतं, बोलणं कडू होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःला असा अर्धा दोष देऊन मोकळा होतो. मी ठरवलं, यंत्र चालू करायचं आणि गुरुवारच्या आत तिला फोन करून सांगायचं, बाई गं, तुझं यंत्र चालतंय, करंट तेवढा जास्त होता, मी कमी केलाय, तू जा त्या पॅनलच्या कामाला. म्हणजे मोठेपणा माझा आणि नोकरी तिची.

मंगळवारी सकाळी पार्टवाल्याकडून चार ड्रायव्हर आणले. दोन लावायला, दोन शिल्लक. पार्टवाला पोरगा भला आहे. त्याने कागदावर आकडा लिहून दिला: ड्रायव्हरच्या डोक्यावर करंट कमी-जास्त करायचा मोहरीएवढा स्क्रू असतो, तो फिरवत मीटरवर एवढं येऊ द्या, त्याच्या वर नेऊ नका. दुकानात येऊन भिंग लावलं आणि आधी जुना जळलेला ड्रायव्हर उपसला. त्याच्या पाठीवर भाजल्याचा फोड होता. त्याचा स्क्रू बघितला तर तो अर्ध्याच्याही खाली होता. शेजारच्या न जळलेल्याला मीटर लावलं. पार्टवाल्याने लिहून दिलेल्या आकड्याच्या कितीतरी खाली. पोरीने करंट वाढवला नव्हता. उलट भिऊन भिऊन कमी ठेवला होता.

मग जळला कशाने? मी खांदे उडवले. माल कच्चा असेल म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

दोन्ही नवे ड्रायव्हर बसवले. स्क्रू फिरवताना हात थरथरत होता, म्हणून कोपर टेबलाला टेकवून, श्वास धरून फिरवला. लॉन्ड्रीच्या मोटरीसाठी तीनशे ऐंशीचा आकडा घातला आणि बटण दाबलं. यंत्र दोन वर्षांनी हललं. आधी जरा कुरकुरलं, मग तार बसायला लागली. वेढ्याला वेढा, थरावर थर. मी स्टूल ओढून बसलो आणि पहिली कॉइल पूर्ण होईपर्यंत जागचा हललो नाही. हे यंत्र पोरीने माझ्या हातासाठी केलं होतं, आणि मी दोन वर्षं ते झाकून ठेवून थरथरत्या हाताने तारा तोडत बसलो होतो. मला एकदम रडू आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले, दुकानात कुणी नसताना.

दुसऱ्या कॉइलचे दोनशे दहा वेढे झाले तेव्हा वरून जेवायची हाक आली. यंत्र थांबवलं. वीज बंद करून चालत नाही, कारण वीज गेली की यंत्र मोजलेले वेढे विसरतं. खटपटही जेवायला जाताना ते चालूच ठेवायची. मी उठलो, टेबलाखाली हात घालून फॉर्मा फिरवणाऱ्या मोटरीच्या वायरीचा जोड ओढून काढला आणि वर गेलो.

हा जोड काढण्याबद्दल सांगायला हवं. मी सोळाव्या वर्षी एका वस्तादाच्या हाताखाली लागलो. त्याला डाव्या हाताला तीनच बोटं होती. दुपारी वीज गेली होती, तो मोटरीच्या पट्ट्यात हात घालून काहीतरी काढत होता, वीज आली आणि मोटर सुरू झाली. तो आम्हाला सांगायचा, स्विचवर विसंबू नका, स्विच कुणीही दाबतं. मोटर सोडून जाताना तिची वायर सुटलेली तुमच्या डोळ्यांना दिसली पाहिजे. चाळीस वर्षांत मी एकाही मोटरीची वायर न सोडता जागेवरून उठलेलो नाही. चप्पल घालावी तसं ते होतं. चप्पल घातली हे कुणी लक्षात ठेवतं का?

जेवून आलो, जोड बसवला, बटण दाबलं. फॉर्मा फिरला नाही. नुसती बारीक घरघर आली आणि वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा तो वास मला लगेच ओळखू आला.

मी पार्टवाल्याला फोन लावून झापला. तो म्हणाला, "काका, सगळे याच लॉटमधले नेतात, कुणाची तक्रार नाही. दुसरा लावून बघा." तो दिवस माझा चिडण्यात गेला. बुधवारी सकाळी तिसरा ड्रायव्हर लावला, स्क्रू तसाच श्वास धरून फिरवला, कॉइल पहिल्यापासून सुरू केली. सुरेख चालली होती. तेवढ्यात एक बाई मिक्सर घेऊन शटरशी आली. मी यंत्र थांबवलं आणि उठण्याआधी नेहमीसारखा टेबलाखाली हात घातला. फक्त त्या वेळी माझी पेन्सिल खाली पडली होती, म्हणून हाताबरोबर डोकंही टेबलाखाली होतं.

जोड सुटताना निळी ठिणगी पडली. बारीकशी, मुंगीएवढी. उजेडात असतो तर दिसलीही नसती.

मी तिथेच ओणवा राहिलो. बाई बाहेरून विचारत होती, "आहे का कुणी?" मी ती ठिणगी ओळखत होतो. तारेच्या कॉइलमधून करंट वाहत असताना ती मधेच तोडली की कॉइल उलटून मारते; हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या आठवड्यात शिकवत आलोय. पण त्यासाठी करंट वाहत असावा लागतो. ही मोटर तर थांबली होती.

मी शेजारच्या दुसऱ्या मोटरीचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघितला. तीही थांबलेलीच होती. दांडा हलेना. जोर लावला, तरी हलेना. मोटरीच्या अंगावर तळहात ठेवला. ती गरम होती.

थांबलेली मोटर गरम असते का? आमच्या मोटरी थांबल्या की मरतात, गार होतात. पावलं टाकणारी मोटर थांबते ती एका जागी घट्ट उभी राहते. उभं राहायलाही तिला करंट लागतो. ती मेलेली नव्हती. जेवायला जाताना, चहाला जाताना, गिऱ्हाइकाशी बोलायला उठताना मी दरवेळी तिची करंट वाहत असलेली वायर तोडत होतो, आणि कॉइल आपला तडाखा ड्रायव्हरला देत होती. कधी तो सोसायचा. कधी जळायचा. म्हणून तर पोरीला ताळमेळ लागत नव्हता. ती मीटर घेऊन यंत्रात शोधत होती, आणि जाळणारा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिला म्हणी ऐकवत होता.

मिक्सरवाली बाई निघून गेली. मी वर गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, ठिणगीपासून. तिला कॉइलमधलं काही कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं. तिने हातातली घडी पुरी केली.

"मला काय सांगताय? तिला सांगा."

"ती कामावर असेल."

"दोन वर्षं थांबलात तेवढं पुरे झालं."

फोन घेऊन मी पुन्हा खाली आलो. बायकोसमोर बोलायची लाज वाटत होती. पोरीने फोन लगेच उचलला. मागे दुसऱ्या बायकांचे फोनवरचे आवाज येत होते.

"बाबा? आई बरी आहे ना?"

मी दुपारच्या वेळी फोन केला म्हणजे कुणीतरी आजारीच असणार, असं तिला वाटलं. दोन वर्षांत मी स्वतःहून किती वेळा फोन केला होता ते यावरून समजा.

मी म्हणालो, सगळं बरं आहे, तू फक्त ऐक. मग सांगितलं. भराभर सांगितलं, मधे थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. करंट तू कमीच ठेवला होतास, मी स्क्रू पाहिला. वायर मी काढत होतो. तिन्ही वेळा मीच जाळले. तुझ्या हाताचा काही दोष नव्हता. मी चुकलो, खटपट.

मला वाटलं, आता ती रडेल. पण आवाज आला तो अगदी साधा.

"मला तसं वाटलं होतं एकदा."

"कसं?"

"दुसऱ्यांदा जळला ना, तेव्हा मी पुस्तकात वाचलं, चालू असताना मोटरीची वायर काढली तर असं होतं. मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. तुम्ही पेपर वाचत होतात. मी विचारलं, मी नसताना तुम्ही यंत्राची वायर काढता का?"

मला काहीच आठवेना.

"मग? मी काय म्हणालो?"

"म्हणालात, मी कशाला हात लावू तुझ्या खेळण्याला."

दुकानात गरम व्हायला लागलं होतं. मी पंखा लावायला उठलो आणि न लावताच परत बसलो.

"मी खोटं नाही बोललो गं," मी म्हणालो. "मला खरंच माहीत नव्हतं मी काढतो ते."

"हो. तुम्ही खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. म्हणून तर मी ते सोडून दिलं. मीटर बरोबर दाखवत होतं, वहीत सगळं बरोबर होतं. पण तुम्ही नाही म्हणालात, म्हणजे नाही. मग उरले मीच ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

"ते पॅनलचं काम," मी म्हणालो. "उद्यापर्यंत सांगायचंय ना? हो म्हणून टाक. आत्ता जा आणि सांग."

"मी काल सकाळीच नाही म्हणून कळवलं, बाबा. त्यांनी दुसऱ्या मुलीला घेतलं पण."

काल सकाळी मी भिंग लावून तो स्क्रू बघत होतो आणि खांदे उडवत होतो.

"परत विचार त्यांना. मी बोलू का तुझ्या साहेबांशी? मी सांगतो त्यांना..."

"थांबा बाबा, लाइन आली. ठेवू नका." तिने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज जरा लांबून यायला लागला. हा तिचा कामावरचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. कुणीतरी म्हातारा माणूस लिफ्टमध्ये अडकला असावा. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. तिचंच येत होतं.

"हो आजोबा, ऐकतेय मी. कितव्या मजल्यावर? बरं. माणूस निघालाय तुमच्याकडे. नाही नाही, बटण जोरात दाबलं म्हणून लिफ्ट बंद पडत नाही. तुम्ही काही केलेलं नाही. घाबरू नका. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही, आजोबा. आमच्याकडचं काहीतरी असेल, आम्ही बघतो. मी आहे लाइनवर."

म्हाताऱ्याला पटत नसावं. ती न कंटाळता पुन्हा तेच सांगायला लागली, आणि तिने सांगितल्याप्रमाणे मी फोन न ठेवता ऐकत बसलो.